हाकेच्या अंतरावर

अंगणात गाडी लावून तिच्यातच राहीन, असं तू फोनवर म्हणालास, ते तुझ्या आईला मुळीच रुचलेलं नाही. चार खोल्यांचं घर असताना मुलगा गाडीत झोपतो, गाव काय म्हणेल, ही तिची काळजी. गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे. मला तुझं म्हणणं पटलं. नर्सची सगळी नोकरी मी विरार लोकलने जाऊन-येऊन मुंबईच्या वॉर्डांत काढली आणि निवृत्तीनंतर नंदाखाल, जेलाडी, बोळिंज, आगाशीतल्या कितीतरी घरांतल्या खाटा पाहिल्या. मुलं चोवीस तास उशाशी बसली म्हणून म्हातारं माणूस लवकर उभं राहिलं, असं मला फारसं दिसलं नाही. पाण्याचा तांब्या हातात, चप्पल पायात, रिमोटही हातात. मग ते उठेल कशाला? आणि ज्यांनी फोनवरून आईबाप सांभाळायचा घाट घातला त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. माणूस हाकेच्या अंतरावर हवा. हाक आली की दोन मिनिटांत दारात, नाही आली तर आपल्या कामात.

तुझे बाबा वाडीवाले आहेत. केळी, पानवेल, मोगरा, सगळं स्वतःच्या अंगावर काढलं त्यांनी. असा माणूस न्हाणीत घसरून पडतो, खुब्याचं हाड मोडतं, डॉक्टर बॉल बदलतात, आणि घरी येतो तेव्हा त्याच्या हातातल्या घराच्या किल्ल्या दुसऱ्याकडे गेलेल्या असतात. पायापेक्षा हे जास्त लागतं. तू गाडीत राहिलास तर घर त्यांचं राहील. सकाळचा चहा कधी करायचा, पंप कधी लावायचा, गड्याला किती द्यायचे, हे त्यांनाच ठरवू दे. चुकीचं ठरवलं तरी फार बिघडत नाही.

मात्र हे पहिल्या दिवसापासून नको. हॉस्पिटलातून आणल्यावर पहिले आठ-दहा दिवस तू त्यांच्याच खोलीत, खाली गादी टाकून झोप. गाडी नंतर.

आता गाडीचं. सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते सहलीला जाणाऱ्यांसाठी. आईबापांच्या अंगणात मुक्काम करणाऱ्याचं धोरण त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. पहिली गोष्ट, माडाखाली गाडी लावू नकोस. पुण्यात राहून तू विसरला असशील, पण जून-जुलैच्या वाऱ्यात झावळी आणि नारळ खाली बघून पडत नाहीत. दुसरी, आपली गल्ली किती अरुंद आहे ते तुला ठाऊक आहे. फाटकाच्या तोंडाशी गाडी लावलीस तर अँब्युलन्स रस्त्यावरच थांबेल आणि बाबांना खुर्चीत घालून बाहेर आणावं लागेल. गाडी आत, बाजूला, आणि तोंड फाटकाकडे. तिसरी, पावसात वाडीची माती चाकाखाली बसते. विहिरीच्या आणि बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठापासून लांब, विटांचा चुरा टाकलेल्या कडक जागेवर उभी कर.

घरातून वीज घेणार असशील तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगसह वेगळा पॉइंट काढून घे. ओटीवरून, दारातून लोंबणारी वायर म्हणजे वॉकरचा सापळा. एसीसाठी रात्रभर इंजिन चालू ठेवायचं नाही आणि काचा लावून आत गॅस पेटवायचा नाही. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वास देतो. झोपेतच माणूस जातो. आणि बिनतारी बेल मिळते, तिचं बटण बाबांच्या खाटेच्या कठड्याला बांध, वाजणारा भाग गाडीत. पाऊस कोसळत असेल तेव्हा पत्र्यावरच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. बेल पहिल्या दिवशी त्यांच्याकडून वाजवून घे, नाहीतर ती नुसती लटकत राहील.

बाबा घरी यायच्या आधी घर बघ. उभं राहून नाही, खुर्चीत बसून बघ, कारण त्यांना ते तसंच दिसणार आहे. खाट इतकी उंच हवी की काठावर बसल्यावर पाय जमिनीला टेकतील आणि गुडघे खुब्याच्या वर जाणार नाहीत. जुन्या घरांतल्या उंच शिसवी खाटा यासाठी उत्तम. नवा सोफा मात्र त्यांच्यासाठी बाद. त्यात बसलं की माणूस आत जातो आणि उठताना पुढे वाकतो, तेच नको आहे. बॉल बदललेल्या माणसाने पाट, चौरंग, मांडी घालून बसणं, पायावर पाय टाकणं, खाली वाकून चप्पल उचलणं, यातलं काही डॉक्टर सांगेपर्यंत करायचं नाही. सांधा निसटू शकतो. झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी ठेवायला सांगतात तेही त्यासाठीच.

संडास-न्हाणी ही खरी परीक्षा. आपल्याकडे ती बहुतेक घरांत मागच्या बाजूला, पायरी उतरून, आणि कायम ओली. कमोड असेल तर त्यावर उंचवटा बसवून घे, नसेल तर कमोडची खुर्ची आण. भिंतीला स्टीलचा दांडा स्क्रूने बसवून घे. टॉवेलच्या दांडीला धरून उठणारी माणसं मी पाहिली आहेत, दांडी हातात आणि माणूस खाली. आंघोळ हात असलेल्या, पायांना रबर लावलेल्या भक्कम खुर्चीवर बसून. साधी प्लॅस्टिकची खुर्ची ओल्या लादीवर घसरते. खोलीपासून संडासापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा. पायपुसणी आणि सतरंज्या गुंडाळून माळ्यावर. घरात घालायला मागून पट्टा असलेली चप्पल, हवाईचप्पल नाही.

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना घरी जायची घाई असते. तू घाई करू नकोस. डॉक्टरांना विचार: दुखऱ्या पायावर किती भार द्यायचा, आत्तापासून पूर्ण की नुसता टेकवायचा? टाके कधी काढायचे? रक्त पातळ करायचं औषध किती दिवस? हाडं ठिसूळ झाली आहेत का आणि त्याचं औषध कधी सुरू करायचं? हा शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो. घरातल्या घरात, उभ्याचं पडून म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडतो तेव्हा हाड आधीच पोकळ झालेलं असतं. एक बाजू दुरुस्त केली आणि हाडाचं काही केलं नाही, तर दुसरी बाजू वाट बघत बसते.

घरी जुन्या गोळ्यांचा डबा असेल, बिस्किटांचा. तो सगळा डॉक्टरांपुढे नेऊन ओत. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी चालू असतं आणि बाबा दोन्ही घेतात, कारण एक गोळी गुलाबी आणि एक पांढरी. जे बंद केलं ते घरातून बाहेर काढ. जे चालू आहे ते एका कागदावर, मोठ्या अक्षरात, मराठीत: सकाळ, दुपार, रात्र, जेवणाआधी की नंतर. एक कागद फ्रिजवर, एक तुझ्या गाडीत, एकाचा फोटो बहिणीकडे.

आता त्या रात्रींचं. कुणी आधी सांगत नाही आणि मग घरचे हादरतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही रात्री सत्तरी ओलांडलेला, चांगला शहाणासुरता माणूस भ्रमात जाऊ शकतो. तुझे बाबा रात्री दोन वाजता उठून बसतील, वाडीला पाणी सोडायचंय म्हणतील, नळी ओढून काढू बघतील, कधीच वारलेल्या भावाला हाक मारतील, आणि तुला ओळखणार नाहीत. सकाळी पुन्हा बरे. दुपारी चार वाजता पुन्हा घोळ. हे वेड नाही, बाहेरचं काही नाही आणि म्हातारचळही नाही. भुलीची औषधं, वेदना, झोपमोड, अंगातलं सोडियम खाली जाणं, लघवीतला जंतुसंसर्ग, लघवी तुंबणं, चार दिवस पोट साफ न होणं, यांपैकी काही ना काही त्याच्या मुळाशी असतं. म्हणून पहिलं काम डॉक्टरांना कळवायचं. झोपेची गोळी आपल्या मनाने देऊ नकोस, त्याने भ्रम वाढतो.

दुसरं काम तुझं. चष्मा डोळ्यांवर, कानातलं यंत्र कानात. ही दोन्ही ऑपरेशनला नेताना कुणीतरी पिशवीत टाकतं आणि आठवडाभर पिशवीतच राहतात. समोर मोठं घड्याळ आणि कॅलेंडर. दिवसा खिडकी उघडी, रात्री मंद दिवा. संध्याकाळची रोझरी नेहमीच्या वेळी, नेहमीच्या आवाजात. मग माणसाला कळतं की संध्याकाळ झाली. वाद घालायचा नाही. ‘भाऊ वारला ना बाबा, असं काय करता?’ म्हटलंस तर त्यांना ती बातमी रोज नव्याने ऐकावी लागेल. ‘पाणी गड्याने सोडलंय, तुम्ही झोपा,’ एवढं पुरतं.

आणि त्यांच्याशी आपल्या कादोडी बोलीत बोल. मुंबईच्या वॉर्डात मी हे कितीदा पाहिलं: वसईचा एखादा म्हातारा भ्रमात बडबडतो आहे, ड्युटीवरच्या डॉक्टरला वाटतं शब्दच फुटत नाहीत, मेंदूत काही झालं. तो बिचारा स्वच्छ कादोडी बोलत असतो. आजारात शाळेतली मराठी आधी सुटते, आईची बोली राहते. तुला येते, लाजू नकोस. तुझ्या बायकोला येत नसेल तर चार वाक्यं शिकवून ठेव: कुठे दुखतं, पाणी हवं का, मी इथेच आहे, आपण घरी आहोत.

चालण्याचं सोपं आहे, पण रोज सांगावं लागतं. उठताना आधी खाटेच्या काठावर मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. झोपेतून थेट उभं राहिलं की रक्तदाब पडतो आणि चक्कर येते. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पुढे काठी आली की ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. सिनेमात नेहमी उलटं दाखवतात. फिजिओथेरपिस्ट दिवसाकाठी पाऊण तास येईल, उरलेल्या वेळेचा फिजिओथेरपिस्ट ओटीवर आहे. वर्तमानपत्र खोलीत आणून देऊ नकोस, ओटीवर ठेव. चहा तिथेच. ओटीवर आले की रस्ता दिसतो, रस्त्यावर कुणी ना कुणी दिसतं आणि दिसेल त्याला हाक मारल्याशिवाय तुझे बाबा राहणार नाहीत. अर्धा तास बसतील, दोनदा उठतील. व्यायाम म्हटलं असतंस तर आले नसते.

पडून असतील तेव्हा दर दोन तासांनी कूस बदलायची. टाचा, माकडहाड, खुब्याची बाजू रोज उजेडात बघायची. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर तिथे जखम सुरू झाली आहे. त्यावर चोळायचं नाही, तेल नाही, पावडर नाही. भार काढायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं. पोटरीचंही तेच. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर तिथे रक्ताची गुठळी असू शकते. गावातलं कुणीतरी मायेने तेल घेऊन बसेल, त्याला हात लावू देऊ नकोस. चोळून गुठळी सुटली आणि फुप्फुसात गेली तर संपलं. अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर कुणाला विचारत बसू नकोस, १०८ला फोन कर. रक्त पातळ करायचं औषध चालू असताना डोक्यावर पडले तरी लगेच हॉस्पिटल, वरून काही दिसत नसलं तरी.

जेवणाबद्दल प्रत्येक घरात वेगळा वेद असतो. माझं एवढंच: जखम भरायला प्रथिनं लागतात आणि आजाऱ्याला पेजेवर ठेवल्याने ती मिळत नाहीत. अंडं, डाळ, दही, ताजी मासळी. सुकी मासळी आणि लोणचं चवीपुरतं, कारण मीठ रक्तदाबाला जड. भेटायला येणारे सुकेळी आणतील; साखर असेल तर तुकडाभर, बाकी तू खा. दुखणं थांबवणाऱ्या काही गोळ्यांनी पोट घट्ट होतं. पाणी, पपई, भाजी, हालचाल, आणि तिसऱ्या दिवशीही झालं नाही तर डॉक्टर. ‘संडासला उठावं लागेल’ म्हणून म्हातारी माणसं पाणीच पीत नाहीत. हे चोरून चालतं. तांब्या भरलेला दिसतो म्हणून खूश होऊ नकोस, रिकामा होतो का बघ.

आता ज्याच्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसले ते. बाबांकडे सगळं जग बघतंय. तुझ्या आईकडे कोण बघतंय?

तीही चौऱ्याहत्तरची आहे. तिच्या गुडघ्यांचं काय ते तिलाच ठाऊक. बाबांना खाटेवरून उठवताना ती त्यांच्या काखेत हात घालून ओढते, मी परवा हॉस्पिटलात पाहिलं. त्याने त्यांचा खांदा जाईल आणि तिची कंबर. ओढायचंच नाही. बाबांनी पुढे सरकून काठावर यायचं, पाय मागे घ्यायचे, दोन्ही हातांनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन स्वतः उठायचं. आपण फक्त बाजूला उभं राहून कमरेचा पट्टा धरायचा. रुंद कापडी पट्टा मिळतो, तो आण. आईला हे तू दाखव, मी सांगितलं तर म्हणेल, ‘नर्सबाई आल्या.’

तिला रात्रीची झोप मिळालीच पाहिजे. पहिल्या दिवसांत तू खोलीत झोपशील तेव्हा ती दुसऱ्या खोलीत, दार लावून. ती ‘मला सवय आहे’ म्हणेल. तिला सवय आहे हेच तर दुखणं आहे. तिच्या स्वतःच्या गोळ्या चुकल्या का बघ. नवऱ्याच्या औषधांचं वेळापत्रक पाठ असलेल्या बाया स्वतःची प्रेशरची गोळी आठवडा-आठवडा विसरतात. रविवारी ती मिस्साला जाईल आणि तू घरी थांबशील, उलट नाही. बाबांसाठी कम्युनियन घरी आणून देतात, चर्चमध्ये निरोप दिला की झालं. पण चर्चच्या आवारात मिस्सानंतर अर्धा तास बायकांशी बोलत उभं राहणं तिला कुणी घरी आणून देणार नाही.

स्वयंपाकघर तिचं आहे. तुझी बायको येईल तेव्हा मदत करावी, डबे हलवू नयेत. ब्यूरोची मावशी ठेवणार असाल तर ती बाबांच्या आंघोळीसाठी आणि कपड्यांसाठी आहे, आईच्या चुलीसाठी नाही, हे पहिल्याच दिवशी दोघींपुढे स्पष्ट बोल. मावशीला चहा-नाश्ता वेळेवर, पगार तारखेला, आणि तिच्याशी बोलताना ‘अहो’. चांगली मावशी गेली तर तुझ्या पगारातही मिळणार नाही. कधी कधी म्हातारा माणूस मुलाच्या हातून स्वच्छ करून घ्यायला नको म्हणतो, परक्या बाईच्या हातून चालतं. तिथे मन दुखवून घेऊ नकोस. बापाला मुलासमोर उघडं व्हायचं नसतं.

भेटणारे येणारच. आजाऱ्याला भेटायला न जाणं आपल्याकडे भांडण समजलं जातं. ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो, त्यांचाही शेवट २५ जुलै २०२४ला इथे जेलाडीच्या घरीच झाला. नंदाखालात माणूस मोठा असो की लहान, आजारपण घरी येतं आणि घराचं दार उघडं राहतं. ते बंद करू नकोस. फक्त वेळ ठरव, संध्याकाळी पाच ते सात. दुपारी झोप. खोकला-सर्दी असलेल्याला ओटीवरूनच हात. ‘अमक्याचं असंच ऑपरेशन झालं आणि तो गेला’ ही गोष्ट सांगणारा एक तरी येतो, त्याला तू गाडी दाखवायला घेऊन जा. गाडीचा तेवढा उपयोग होईल.

बहीण कॅनडात आहे. ती रोज व्हिडिओवर येईल आणि इंटरनेटवर वाचलेलं सांगेल. तिच्यावर चिडू नकोस, लांब असणाऱ्याला अपराधी वाटतं आणि ते सूचनांच्या रूपाने बाहेर येतं. तिला काम दे. मावशीचा पगार, औषधांची ऑर्डर, विम्याची कागदपत्रं, डॉक्टरांच्या तारखा, यातलं काही तिकडून होण्यासारखं आहे. खर्चाची वही पहिल्या दिवसापासून ठेव आणि तिला दर आठवड्याला फोटो पाठव. भावंडांची भांडणं आजारपणात होत नाहीत, सहा महिन्यांनी हिशेबावरून होतात.

बाबांचं आयुष्मान कार्ड काढलं आहे का बघ. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यापुढच्या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय केली आहे. या ऑपरेशनला उपयोग झाला नसेल तरी कार्ड आधारवर निघतं, काढून ठेव, आईचंही. आणि ते चालणारं जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे आजारी पडायच्या आधी विचारून ठेव. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा सरकारी मदतीचा नंबर आहे, तो आईच्या फोनमध्ये घाल.

पावसाचं विसरू नकोस. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात गेलं, गाड्या बंद पडल्या, वीज नव्हती, दुकानं उघडत नव्हती. तसा पाऊस दरवर्षी येत नाही, पण रस्ता अर्धा दिवस बंद व्हायला तेवढा लागतही नाही. जूनपासून घरात पंधरा दिवसांची औषधं हवीत. पॉवर बँक, टॉर्च, मेणबत्त्या आणि पिण्याचं पाणी साठवलेलं. हवेची गादी विजेवर चालते, वीज गेली की बसते; तेव्हा दोन तासांची कूस जास्तच कसोशीने. तुझ्या गाडीतली बॅटरी तेव्हा कामाला येईल, ती रोज चार्ज ठेव. फिजिओथेरपिस्टचा नंबर घे आणि पावसात तो येणार नसेल त्या दिवशीचे व्यायाम लिहून घे. ओट्याची पायरी शेवाळते, ती आठवड्यातून एकदा खराट्याने घास. ब्लीचिंग पावडर टाकलीस तर पाण्याने पुरती धुऊन काढ.

शेवटी निघण्याचं. मुलं येतात वेळेवर, जाताना मात्र चुकतात. एके दिवशी रजा संपते आणि बॅग भरतात. तू तसा जाऊ नकोस. सहा आठवड्यांच्या सुमाराला एक्स-रे होईल. डॉक्टरांनी ठीक म्हटलं की पहिल्यांदा एक रात्र विरारला मित्राकडे राहा. बेल आईच्या उशाशी. मग दोन रात्री पुण्याला. त्या दोन दिवसांत काय अडलं ते परत आल्यावर विचार, ते नीट कर, मग पुन्हा जा. बाबा स्वतः संडासला जाऊन येतात, स्वतः गोळ्या घेतात, खाली पडलेली वस्तू उचलायला न वाकता कुणाला तरी सांगतात, एवढं जमलं की गाडी हलवायला हरकत नाही. आई रडेल. बाबा वाडीत काहीतरी काम काढतील. तू जा. शनिवारी ये.

आणि वॉकर. तुझ्या घरात सध्या जो आहे तो मी बोळिंजच्या एका घरातून आणला, त्याआधी तो नाळे गावात होता. कमोडची खुर्ची अशीच फिरत आली आहे. बाबा काठीवर आले की लोक तो माळ्यावर टाकतात, कधीतरी लागेल म्हणून, आणि तिथे तो गंजतो. तू टाकू नकोस. साबणाने धुऊन उन्हात वाळव, चारही पायांच्या रबरी टोप्या झिजल्या असतील त्या नव्या घाल, स्क्रू आवळ आणि मला फोन कर. आपल्या इथल्या वाघोलीत एक बाई पुढच्या महिन्यात गुडघ्याचं करून घेते आहे, तिला तो लागेल.